घरतबाईंच्या दोन माळा

चंपाचे वडील शाळेच्या पायऱ्या चढून वर आले तेव्हाच मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं हा माणूस गव्हाणहून लेकीसाठी तांदूळ, सुकट, कधी चार ताजे बोंबील घेऊन यायचा आणि फाटकाबाहेरच उभा राहायचा. “आत या की, बा,” म्हटलं तर आपल्या पायांकडे बोट दाखवायचा. जन्म मिठागरावर गेलेला, टाचा भेगाळलेल्या, भेगांत मीठ बसून पांढऱ्या पडलेल्या. “तुमची फरशी खराब व्हईल गो बाय,” म्हणायचा. त्या गुरुवारी ते पाय पायऱ्या चढले, व्हरांडा ओलांडून थेट माझ्या नववीच्या वर्गाच्या दाराशी आले. मी फळ्यावर समास लिहीत होते. “बाय,” बा म्हणाले, “चंपा नाय रायली.” मग म्हणाले, “सकाली गेली. तिनंच सांगितलं व्हतं, पयलं सुमीला सांगा म्हनून... मंग आलो.” मी वळून फळा पुसला. का पुसला, देव जाणे. पन्नास मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी कोरा झालेला फळा पुन्हा पुन्हा पुसत होते.

याला आता पाच आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी ‘चंपा घरत यांच्यावर लिहा’ असं सांगितल्यावर मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. दोन्ही वेळा मेलं रडकं झालं. चंपाला रडकं काही चालायचं नाही. मी वर्गात कविता शिकवताना डोळे पुसले की शेजारच्या वर्गातून येऊन म्हणायची, “झाला का गं पूर ओसरून? माझ्या मुलींना इकडे भिंतीतून ओल येते.” तेव्हा आता सरळ सांगते. आमच्या पनवेलच्या मुलींच्या शाळेतल्या शास्त्राच्या घरतबाई मूत्रपिंडाच्या दुखण्यानं, जेमतेम दोन महिन्यांत, मुंबईच्या इस्पितळात गेल्या. बेचाळीस हे काय जायचं वय झालं? मला तिचा राग आलाय. आणि त्याहून जास्त, मला तिचा अभिमान आहे. तो मी आज मिरवणार आहे, ज्यांना आवडणार नाही त्यांनी पुढचं पान उलटावं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. सन एकोणीसशे चाळीस-एक्केचाळीसच्या सुमाराची गोष्ट. वर्गात आम्ही मुली मोजून पाच. त्यातली चंपा पनवेलला मावशीकडे राहून शिकायची. तिच्या परकराला मिठागराच्या चिखलाचा वास येतो म्हणून आम्ही चौघी बाकाच्या एका टोकाला सरकून बसायचो. हो, मीही सरकायचे. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. तर सहामाहीच्या गणितात चंपाला पैकीच्या पैकी मिळाले आणि मला दोन कमी. मी घरी काय तोंड दाखवू म्हणून कुढत बसलेली, तेवढ्यात ही उठून उभी राहिली. “गुरुजी, माझं तिसरं गणित चुकलंय. तुमच्या नजरेतून सुटलं.” गुरुजींनी पेपर बघितला, चार गुण कापले आणि मी पहिली आले. मी पहिली आले ती अशी! मला इतका संताप आला की आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी राहवलं नाही, तेव्हा तळ्याच्या काठावर तिला गाठून विचारलं, “एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता गं तुला?”

तर ती म्हणाली, “आमच्या मिठागरावर असंच असतं.” आणि मला समजावून सांगू लागली. खाडीचं भरतीचं पाणी आत घ्यायला फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं जातं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. कुणी नको त्या वेळी उघाडी काढली तर कच्चं पाणी पुढच्या सगळ्यांच्या वाफ्यांत शिरून महिन्याचं मीठ विरघळवून टाकतं. म्हणून ज्याच्या हातून चूक होईल त्यानं त्याच क्षणी, आहे तिथून, गळा फाडून ओरडायचं, ‘माजं पानी चुकलं!’ म्हणजे पुढचे लोक आपापल्या फळ्या लावून घेतात. “लपवलंस तर दुसऱ्याचं मीठ जातं,” चंपा म्हणाली. “म्हणून आधी ओरडायचं. रडायचं ते मागाहून, वेळ मिळाला तर.” मी म्हटलं, गणिताच्या पेपरात कुणाचं मीठ जात होतं? ती म्हणाली, “तुझं.” त्या दिवसापासून बाकावर मी तिच्या बाजूला सरकले ती कायमची.

पुढं ती मुंबईला वसतिगृहात राहून बी. एस्सी. झाली. गव्हाणच्या आगरी घरातली मुलगी बी. एस्सी. होणं म्हणजे काय, ते आज सांगूनही कुणाला पटायचं नाही. बांनी भावकीची किती बोलणी खाल्ली ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. चंपानं लग्न केलं नाही. “जमलं नाही गं,” एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. मी लग्न होऊन पनवेलातच राहिले, मराठीची बाई झाले. पन्नासनंतर लवकरच आम्ही दोघी एकाच शाळेत आलो, एकाच टेबलाशी डबे उघडू लागलो. माझ्या डब्यात पोळी आणि घट्ट वरण, तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटाच्या वासानं इतर बाया पदर नाकाला लावत. मी मात्र तिच्या भाकरीचा तुकडा मोडून घ्यायचे. सुकट नाही हं, नुसती भाकरी. तेवढं माझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं नाही ते बरं.

तिचं खरं वेड सुरू झालं ते साठनंतर. दर दोन शनिवारांनी ही बाई अर्ध्या शाळेनंतर एसटीनं उरण गाठायची, तिथून लाँचनं मुंबईला भाऊच्या धक्क्यावर, आणि तिथल्या एका ग्रंथालयात विलायती शास्त्रीय मासिकं वाचत बसायची. रविवारी वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणीकडे राहून सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. एका सोमवारी ती डबाही न उघडता माझ्यासमोर बसली. डोळे असे, की मला वाटलं हिचं लग्न ठरलं. “सुमे, कळलं गं!” म्हणाली. “काय कळलं?” “पेशी प्रथिन कसं बनवते ते. वाचता येतंय. लोकांना ते वाचता यायला लागलंय!”

मी म्हटलं, प्रथिन म्हणजे ते डाळीतलं ना? कपाळाला हात लावला तिनं. “तुझी नखं, तुझे केस, रक्ताचा तांबडेपणा, डोळ्यातलं भिंग, पोटातला रस... सगळी प्रथिनं. आणि प्रत्येक प्रथिन म्हणजे एक माळ. मणी फक्त वीस प्रकारचे. कुठल्या मण्यामागे कुठला मणी, एवढ्यावर नख होतं की रक्त होतं ते ठरतं.” मग माझ्या वरणाकडं बोट दाखवून म्हणाली, “हे तू खाल्लंस की त्याची माळ पोटात तुटते, मणी सुटे होतात. तेच मणी घेऊन तुझं शरीर तुझी माळ ओवतं. माझ्या सुकटाचंही तेच.” मी विचारलं, “म्हणजे माझ्या वरणाचे मणी आणि तुझ्या सुकटाचे मणी...” “एकच. एका रंगाचे, एका मापाचे. फार तर कुठले थोडे कमी, कुठले जास्त.” मी डब्याकडं बघितलं. घरी देवघरात सोवळ्यानं बसलेल्या सासूबाई डोळ्यांपुढं आल्या आणि मला असं हसू फुटलं की मुख्याध्यापिका बघायला आल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा सुकट खाल्लं. तिखट होतं, पण छान होतं.

मग तिनं मला कामाला जुंपलं. “मुलींना मराठीत सांगायचंय. शब्द दे.” पेशीच्या मधोमध केंद्रक, तिथं सगळ्या माळांची मूळ वही ठेवलेली. ती वही केंद्रकाबाहेर कधी जायची नाही. हवी ती माळ ओवायची वेळ आली की तेवढ्याच मजकुराची नक्कल एका फितीवर उतरते आणि ती फीत बाहेर कामाच्या जागी जाते. या फितीला काय म्हणायचं? मी ऐटीत ‘संदेशवाहक’ म्हटलं. चंपा म्हणाली, “अगं, गव्हाणच्या पोरीला कळेल असं सांग.” तेव्हा ‘निरोपाची चिठ्ठी’ ठरलं. तिथं बसून चिठ्ठी वाचणारा आणि मणी जोडणारा तो ‘ओवणारा’. आणि ज्याच्या त्याच्या ठरलेल्या मण्याला उचलून आणणारे ते ‘हमाल’, प्रत्येक हमालाकडे एकाच जातीचा मणी. चिठ्ठीची अक्षरं फक्त चार, पण वाचायची तीन-तीन मिळून. तीन अक्षरं, एक मणी. अक्षरांची अशी त्रिकुटं होतात चौसष्ट, म्हणजे बहुतेक मण्यांना एकाहून जास्त त्रिकुटं. ती पाठ म्हणून दाखवायची, मी शुभंकरोती म्हणते तशी. कुठेकुठे एखादाच मणी चुकीचा आला तर रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि माणूस आयुष्यभर कण्हतो, हेही तिनं मला तेव्हाच सांगितलं. वर्गात मुलींनाही ती हे आवर्जून सांगायची. “एक मणी, मुलींनो. फक्त एक मणी!”

आता मुद्द्याचं. आमच्या शाळेत अकरावीला शास्त्र नव्हतं. मुलींसाठी गृहशास्त्र, शिवण आणि थोडं आरोग्य. ज्या मुलीला शास्त्र हवं तिनं मुलांच्या शाळेत जावं, आणि तिकडे घरचे पाठवत नसत, म्हणजे विषय संपला. चंपा आठ वर्षं शास्त्राच्या वर्गासाठी अर्ज करत होती आणि शाळेचे अध्यक्ष आठ वर्षं हसून म्हणत होते, “बाई, लाडू वळायला शास्त्र कशाला लागतं?” त्या वर्षी आमच्या दहावीत शकुंतला नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि शास्त्राचा वर्ग निघाला नाही तर तिच्या मामानं तिला घरी बसवायचं पक्कं केलं होतं. चंपानं अध्यक्षांच्या नाकी नऊ आणले. शेवटी ते म्हणाले, प्रदर्शन भरवा, शिक्षण खात्याचे साहेब येतील, त्यांनी मान्य केलं तर वर्ग. नाही केलं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही. चंपा ‘बरं’ म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात युसुफचाचांच्या दुकानात जाऊन बसली.

युसुफचाचा आमच्या बाजारातले बांगड्या-मण्यांचे दुकानदार. पनवेलातल्या अर्ध्या बायकांच्या गळ्यातली पोत त्यांच्या हातची. चष्मा जाड, पण बोटं अशी झरझर चालायची की बघत राहावं. चंपानं घाट घातला तो असा. दोन माळा करायच्या. एक शाळेच्या सभागृहात, साहेबांच्या समोर, मुली ओवतील. दुसरी त्याच वेळी बाजारात चाचा ओवतील. मुलींनी चाचांकडे बघायचं नाही, चाचांनी मुलींकडे. दोघांकडे एकाच मजकुराची निरोपाची चिठ्ठी आणि त्रिकुटांचा तक्ता. चिठ्ठीवर अक्षरं नकोत, चार रंगांचे चौकोन. लाल, पिवळा, हिरवा, निळा. मग दोन्ही माळा शेजारी टांगायच्या. आज्ञा एक, तर माळ एक, मणी न् मणी. पेशी कुणाच्याही अंगातली असो. “आणि चाचाच का?” मी विचारलं, “शाळेतल्याच दोन मुली घे की.” म्हणाली, “शाळेतल्या दोघींनी केलं तर लोक म्हणतील, बाईंनी पढवलंय. चाचांना पढवलं असं कोण म्हणेल?”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सभागृह खच्चून भरलं. बा नेहमीसारखे फाटकाबाहेर उभे होते. साहेब आले, उंच, गंभीर, ओठ घट्ट मिटलेले. शकूनं केंद्रक म्हणून ठेवलेल्या कुलूपबंद कपाटातल्या वहीवरून रंगांची नक्कल उतरवली, दोन चिठ्ठ्या केल्या, एक बाजारात गेली, एक सभागृहात आली. हमाल झालेल्या मुली आपापला मणी ओंजळीत घेऊन रांगेत. शकू तीन-तीन रंग मोठ्यानं वाचायची, “लाल पिवळा हिरवा!” की पोवळ्याचा मणी घेतलेली मुलगी धावत पुढं. मी तोंडात पदर धरून बसले होते. मराठीची बाई मी, पण खरं सांगते, त्या क्षणी मला ती माळ जिवंत वाटली. चंपानं ते विळ्यासारख्या पेशीचंही सांगितलं. “साहेब, एक मणी इकडचा तिकडं झाला तर माणूस दुखण्यात पडतो. पण पेशी सहसा चुकत नाही. आता दुसरी माळ बघू.” युसुफचाचा आले, हातात रुमालात गुंडाळलेली माळ. खिळ्याला टांगली. शेजारी मुलींची.

दोन्ही माळांत काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

पहिल्यांदा कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. मग हशा पसरला. अध्यक्ष साहेबांकडे झुकून म्हणाले, “आमच्या बाईंना हौस फार.” शकूचा चेहरा पांढराफटक. बिचारे चाचा पुढं आले. “बाई, अल्लाकसम सांगतो, मी येक मणी माज्या मनाचा घातला नाय. तुमच्या चिठ्ठीत जे लिवलंय तेच ओवलंय.” चंपा त्या दोन माळांकडं बघत उभी होती. मला वाटलं, संपलं. आठ वर्षं, शकू, सगळं त्या खिळ्यावर टांगून संपलं. मी उठून तिच्याजवळ जाणार, एवढ्यात तिनं चाचांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “चाचा, वाचायला कुठून सुरुवात केलीत?”

“कुठून म्हंजे?” चाचांना प्रश्नच कळेना. “जिथून वाचत्यात तिथून. हे इकडून.” आणि त्यांनी चिठ्ठीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. चाचांची सारी शाळा उर्दूची. उभ्या जन्मात त्यांनी जे काही वाचलं ते उजवीकडून डावीकडे. आम्हा कुणाच्या, अगदी चंपाच्याही, डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही जिथून वाचतो तिथूनच जग वाचतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

अध्यक्ष मात्र म्हणाले, “म्हणजे चूक यांची.” आणि तेव्हा चंपा ओरडली. वर्गात कधी आवाज न चढवणारी माझी मैत्रीण, मिठागरावरच्या बांधावर उभी असल्यासारखी ओरडली, “चूक माझी आहे!” फाटकापर्यंत गेला असणार तो आवाज. “चाचांची नाही, मुलींची नाही. चिठ्ठी माझी, आणि ती अर्धवट आहे. मी तिची दोन्ही टोकं सारखी ठेवली. कुठून वाचायचं ते सांगितलंच नाही.” मग तिनं ती चिठ्ठी सगळ्यांसमोर धरली आणि उजवीकडून वाचायला सुरुवात केली. “हिरवा पिवळा लाल, तक्त्यात बघा, निळी काच. चाचांच्या माळेत पहिला मणी कुठला? निळी काच.” एकेक करत तिनं पूर्ण चिठ्ठी वाचली. चाचांच्या माळेत एकही मणी चुकलेला नव्हता. चिठ्ठी त्यांच्या बाजूनं वाचली तर माळ तंतोतंत बरोबर. शेवटच्या मण्याला चाचांनी डोळे पुसले.

साहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “मग बाई, पेशीला कसं कळतं कुठून वाचायचं?” आता ही काहीतरी ठोकून देईल आणि निभावून नेईल, असं मला वाटलं. मी तरी ठोकलं असतं. चंपा म्हणाली, “मला माहीत नाही, साहेब. मी हे वाचलेलं नाही. आणि मला हा प्रश्नही पडला नव्हता. तो चाचांच्या माळेनं पाडला. शोधून काढीन आणि कळवीन.” साहेबांनी मान हलवली, चहा घेतला आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. अध्यक्ष मात्र बोलले. ते काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, छापायच्या लायकीचं नाही. फाटकाशी बा उभे होते. त्यांनी विचारलं, “काय जालं गो? चंपाचा आवाज आयकला मी.” मी सांगितलं, चूक झाली, आणि तिनं सगळ्यांदेखत कबूल केली. वर्ग काही आता मिळत नाही. म्हातारा केवढा हसला! “मिलंल नायतर नाय मिलंल. पन ओरडली ना? पोर माजी हाय.”

पुढचे दोन महिने चंपानं अन्न गोड लागू दिलं नाही, स्वतःलाही आणि मलाही. पुढल्याच शनिवारी लाँच पकडली, मासिकं उपसली, आणि तिथंही नीट उलगडा होईना तेव्हा मुंबईच्या एका संशोधकांना, ओळख ना पाळख, पत्र लिहिलं. युसुफचाचांची सगळी हकीकत त्यात सविस्तर. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं. त्यांनी लिहिलं होतं की चिठ्ठीची दोन टोकं मुळातच सारखी नसतात, त्यांची घडण वेगळी असते. ओवणारा एकाच दिशेनं वाचत जातो. शिवाय सुरुवात दाखवणारं एक ठराविक त्रिकूट असतं, तिथूनच माळ धरायची. हे आम्हालाही अलीकडेच कळलंय, तुमच्या चाचांनी नेमका प्रश्न विचारला आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. चंपानं ते पत्र घेऊन आधी बाजार गाठला. चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी ते शांतपणे ऐकलं, मग दोन्ही माळा आणायला सांगितल्या आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला लाल रेशमाची एक बारीक गाठ मारून दिली. चिठ्ठी जिथून वाचायची त्या टोकालाही लाल धागा ओवून तशीच गाठ मारली. “आता चुकनार नाय, बेटी,” म्हणाले, “उर्दूवाला असो का मराठीवाला.” त्या पत्राची नक्कल करून चंपानं साहेबांना पाठवली, वर एक ओळ लिहून. कळवीन म्हटलं होतं, म्हणून कळवते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गाची परवानगी आली होती. खात्याच्या कागदावर नेहमीची खात्याची भाषा. पण खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘ज्या बाई माहीत नाही असं मुलींसमोर म्हणू शकतात, त्यांच्याकडे शास्त्राचा वर्ग द्यावा.’ मी तो कागद स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. तीनदा वाचला. अध्यक्ष आले तेव्हा चौथ्यांदा वाचला. चंपा म्हणाली, “पुरे की गं, लाज आण.” पण तिचे कान लाल झाले होते. शकू धरून अकरा मुली होत्या पहिल्या वर्गात.

तो वर्ग तिला जेमतेम सात महिने मिळाला. इस्पितळात मी शेवटची भेटले तेव्हा पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. म्हणाली, “सुमे, मूत्रपिंडात सुद्धा प्रथिनांचंच सगळं काम असतं. माझ्याकडं ओवणारे दमलेत बघ.” मी रडायला लागले तर म्हणाली, “आधी पोर्शन किती राहिलाय ते विचार. रडायचं ते मागाहून.”

ती गेल्यावर अध्यक्षांनी ठरवलं, नवीन बाई मिळेपर्यंत शास्त्राचा वर्ग बंद. मुलींना गृहशास्त्रात बसवा. परीक्षा तोंडावर! मी म्हटलं, वर्गावर मी जाते. ते म्हणाले, “तुम्ही? शास्त्रात समास सोडवणार?” मी म्हटलं, काय सोडवायचं ते मुली सांगतील, तुम्ही फक्त किल्ली द्या. किल्ली दिली त्यांनी. का दिली, मला माहीत नाही. बा व्हरांड्यात उभे होते, कदाचित म्हणून दिली असेल. त्या दिवसानंतर बा फाटकाबाहेर थांबत नाहीत. आठवड्यातून एकदा येतात, वर्गाच्या दाराशी बसून ऐकतात. फरशीवर मिठाचे पांढरे ठसे उमटतात, शिपाई ते पुसत नाही.

किल्ली मिळाल्यावर पहिल्याच सोमवारी मी त्या खोलीत गेले. दोन्ही माळा तिनं टांगलेल्या खिळ्यावर तशाच होत्या. खाली टेबलावर ती रंगीत चिठ्ठी. आता यातून पुढं काय करायचं, कुणाला ठाऊक! चंपा असती तर म्हणाली असती, तोंड काय बघतेस, सुरू कर. मी चिठ्ठी उचलली, डोळ्यांत पाणी आलेलं, रंग काही नीट दिसेनात. सवयीनं डावीकडचं टोक धरलं आणि वाचू लागले, “हिरवा पिवळा...”

“बाई, थांबा!” शकू बाकावरून उठली, आणि अकराच्या अकरा मुली एका आवाजात ओरडल्या. घरतबाई ओरडल्या होत्या तशाच, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा.

“चुकलं, बाई! आधी गाठ शोधा!”

मी चिठ्ठी उलटी केली. लाल धागा दुसऱ्या टोकाला होता. तिथं बोट ठेवलं आणि तिथून वाचायला लागले.